किनारानं विचारायला सांगितलं

आमच्या घरात भुताखेतांना हसणारी मी एकटीच. घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अगदी काठाला. आजी, आई, चुलत्या — प्रत्येकीनं काही ना काही पाहिलेलं. कुणाला बांधावर दिवा दिसला, कुणाला पाण्यातून हाक आली. मी भर दुपारी एकटी त्याच बांधावर सुकट वाळत घालायचे. मला कावळ्यांशिवाय कधी कुणी भेटलं नाही.

एका मासिकात लोकांचे असले अनुभव छापून येतात. मी ते पान आधी वाचते आणि वाचून हसते. तरी आज स्वतः लिहायला बसलेय. हे कुणाला पाठवणार नाही, चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं कोण छापणार... पण समोर वाचणारे बसलेत असं धरून लिहिते. तोंडानं सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडकते, हातानं जमतं.

गोष्ट नव्व्याण्णव सालची. स्टेशनपासून थोडं आत, एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दामलेकाकांनी सायबर कॅफे काढलेला. प्लायवुडच्या आडोशात चार कॉम्प्युटर, काचेचा दरवाजा, चपला बाहेर काढायच्या. मी तिथे केर-फरशी करायचे, मशिनं पुसायचे. आई मासळी विकायला बसायची. पाठची भावंडं सांभाळायला म्हणून माझी शाळा चौथीला सुटली. त्या वेळी आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे एबीसीडीशी माझी गाठच पडली नाही. मराठी वाचता येतं, अडखळत का होईना. इंग्रजी अक्षरं म्हणजे माझ्यासाठी साखरेला लागलेल्या मुंग्या.

काउंटरवर सुजाता बसायची. बी.कॉम. झालेली, माझ्याहून थोडी मोठी, विठ्ठलवाडीच्या चाळीत राहणारी. तिचे बाबा माजिवड्याकडे एका कंपनीत होते, ती बंद पडली. तेव्हापासून ते दाराशी खुर्ची टाकून गप्प बसलेले असायचे. सुजाता परीक्षा देत होती, इंटरव्ह्यू देत होती, आणि काही लागेपर्यंत म्हणून इथे बसली होती. ते ‘लागेपर्यंत’ काही संपत नव्हतं.

दुपारी काका जेवून झोपायला वर जायचे. गिऱ्हाईक नसायचं. मग फोनच्या वायरीवरून मशीन कुईं कुईं करून लागायचं आणि सुजाता चॅटिंगला बसायची. पहिल्यांदा तिनं मला ओढून शेजारी बसवायला घेतलं, तेव्हा मी फडकं हातात धरून उभीच होते.

“अगं बस ना हिरे, तो चावणार नाहीये.”

“कोण?”

“हा काय, किनारा. नाव घेतलंय त्यानं तसं. दिवा स्टेशनजवळ राहतो. विचारतोय, जेवलीस का.”

“एवढंच विचारायला एवढं मशीन?”

ती हसत सुटली आणि माझं वाक्य तिनं तसंच टाइप केलं. पलीकडून उत्तर आलं, तिनं वाचून दाखवलं — “ही कोण बोलली? हिला रोज घेऊन ये.”

त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो. मी बोलायचे, सुजाता टाइप करायची, उत्तर आलं की मोठ्यानं वाचायची. मला लोकांसमोर नाव सांगतानाही घाम फुटतो. पण त्या काचेपुढे मी काय काय बोलले! बोंबील साफ कसे करायचे, पोहायला मी माझी मीच कशी शिकले, आई गिऱ्हाइकाला गोड बोलून कशी हरवते. किनाराही तसलंच सांगायचा. कॉलेज सोडलेलं, नोकरी नाही, चुलतभावाच्या खोलीत राहतो. दिव्याला पाणी यायचं नाही, मग टँकर आला की पळापळ. “आज मी आणि एक आजी एकाच नळीसाठी भांडलो. आजी जिंकली.” आम्ही पोट धरून हसायचो. मोठं असं कुणी काही बोललं नाही. कुणी कुणाला सल्ला दिला नाही. जेवलीस का, ऊन आहे का, आज कुणाची शिवी खाल्ली — एवढंच.

एकदा मी सुजाताला म्हटलं, “तू त्याच्याशी बोललीस की दिवसभर बरी असतेस.”

ती म्हणाली, “घरी मला कुणी काही विचारत नाही गं. मी काय उत्तर देईन याचीच त्यांना भीती वाटते. हा विचारतो. काय तर, जेवलीस का. पण विचारतो.”

आणखी एक सांगायचं राहिलं. बंद करताना सुजाता ‘चल, जाते’ असं टाइप करायची. मला ते खपायचं नाही. “जाते नाही म्हणायचं, येते म्हण,” मी म्हणायचे. “कॉम्प्युटरला काय कळतंय?” ती म्हणायची. पण किनाराला ते पटलं. त्यालाही त्याची आई हेच सांगायची. मग आमचा कायदाच झाला, ‘येते’ म्हटल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

आमच्या खाडीकाठच्या लोकांत याहून कडक एक रीत आहे. निघालेल्या माणसाला ‘कुठे चाललास’ असं विचारायचं नाही. होडी घेऊन निघालेल्याला तर नाहीच. विचारलं की गेलेलं काम होत नाही, माणूस रिकाम्या हातानं परत येतो. लहानपणी मी बाबांना एकदा विचारलं, तर आजीनं पाठीत धपाटा घातला होता. तो अजून आठवतो. त्यामुळे रस्त्यात कुणी भेटलं तरी माझ्या तोंडून ‘कुठे’ कधी निघत नाही.

आता त्या दिवसाचं. चैत्राचं ऊन होतं. सुजाता सकाळपासून गप्प. आदल्या दिवशी ठाण्याच्या एका ऑफिसातून तिला सांगितलं होतं, जागा भरली. तिथं तर जवळजवळ नक्की झालेलं. मी म्हटलं, “जाऊ दे गं, दुसरी मिळेल.” ती म्हणाली, “हो.” डबा उघडलाच नाही. तिच्याकडे एक निळी छत्री होती, तिची फार आवडती. ती माझ्या हातात दिली. “तुझ्याकडे राहू दे, तू उन्हातून चालत जातेस.” मला वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला, बघा... मी किती बावळट.

काका वर गेले. सुजातानं मशीन लावलं, काहीतरी एकच ओळ टाइप केली. वाचून दाखवली नाही. थोडा वेळ बसली. मग पर्स उचलली.

“हिरे, काकांना सांग. जाते मी.”

जाते. मला ते टोचलं. मी म्हणणार होते, येते म्हण... पण तिचा चेहरा असा होता की मी नुसती फडक्याची घडी घालत राहिले. आणि कुठे चाललीस, हे तर मी विचारूच शकत नव्हते. दरवाजा उघडला, झळ आत आली, दरवाजा मिटला.

मी फडकं घेऊन तिच्या मशीनपाशी गेले. पडदा चालूच होता. वर तिची एक ओळ — मुंग्या. मी काच पुसायला हात वर नेला आणि खाली काहीतरी उमटायला लागलं.

हे मला जसं दिसलं तसंच सांगते, वाढवून नाही. आधी अक्षरं आली, वरच्या रेघेशिवाय, मोकळी. मग डावीकडून उजवीकडे वरची रेघ ओढली गेली, एका दमात. आमचे गुरुजी फळ्यावर असंच लिहायचे. आधी शब्द, मग खडूची एक लांब रेघ. मी वाचलं —

‘ती कुठे चालली ते विचार.’

मनात आलं ते सुद्धा किती साधं! मनात आलं, अरे, किनाराला आपली रीत माहीत नाही वाटतं, असं विचारायचं नसतं. जसं काही तो समोरच होता. तेवढ्यात पुन्हा अक्षरं, पुन्हा रेघ —

‘विचार.’

मी धावले. चपला घातल्या नाहीत, डांबर तापलेलं, काही कळलं नाही. सुजाता स्टेशनकडे दिसेना. विठ्ठलवाडीला जायचं तर स्टेशन हाच रस्ता. मी उलटीकडे बघितलं. ती खाडीच्या रस्त्यानं चालली होती, सावकाश, डोक्यावर ओढणी न घेता. त्या रस्त्याला तिचं कुणी नव्हतं. तिथं आमचीच घरं, आणि पुढे बांध.

मी कधी मोठ्यानं बोललेले नाही. लहान भाऊ हरवला होता तेव्हाही मी नुसती रडत शोधत होते. त्या दिवशी भर रस्त्यात ओरडले —

“सुजाता! कुठे चाललीस?”

उसाचा रसवाला चरक थांबवून बघायला लागला. एक म्हातारी म्हणाली, “काय गो पोरी, निघालेल्याला असं विचारतात काय!” मला लाज वाटली नाही. मी परत ओरडले. “कुठे चाललीस? सांग! कुठे?”

ती थांबली. वळली. मी तिच्यापर्यंत पोचले तेव्हा ती माझ्या पायांकडे बघत होती.

“चपला कुठायत तुझ्या?”

“तू कुठे चाललीस ते सांग आधी.”

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिथेच, त्या रसाच्या गाडीला धरून खाली बसली. रडायला लागली तशी थांबेचना. मग म्हणाली, “बांधावर. परत यायचं नव्हतं.” आणि थोड्या वेळानं — “कालपासून मला कुणी काहीच विचारलं नाही गं.”

मी तिला आमच्या घरी नेलं. आई टोपली उतरवून नुकतीच आलेली. आईनं तिच्याकडे एकदा बघितलं. भात वाढला, वर कालवण वाढलं, समोर बसली. “जेव. नंतर रड, पोटात काही असलं की रडायला जोर येतो.” सुजाता रडता रडता हसली आणि जेवली. संध्याकाळी आई तिच्याबरोबर विठ्ठलवाडीला गेली, तिच्या बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणे खुर्चीवरून उठले आणि लेकीचा हात धरून एवढंच म्हणाले, “मला वाटलं, विचारलं तर तुला त्रास होईल.”

दुसऱ्या दिवशी मी काकांना सांगितलं. काका शांत माणूस, चेष्टा केली नाही. “हिरा, या मशीनमध्ये मराठी अक्षरं उमटतच नाहीत. तशी सोयच केलेली नाही अजून. आणि किनारा काय, सगळेच मराठी बोलतात ते इंग्रजी अक्षरांत लिहितात.”

मला हे माहीतच नव्हतं! इतके महिने सुजाता वाचून दाखवायची म्हणून मी अक्षरांकडे कधी नीट बघितलंच नव्हतं, ते वाचण्याचं काम तिचं. त्या घटकेला मी स्वतः वाचतेय हे सुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं. काकांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला तो आला.

सुजाता चार दिवसांनी कामावर आली. दुपारी आम्ही दोघी बसलो. किनारा होता. तिनं त्याला विचारलं, त्या दिवशी तू काय लिहिलंस? त्यानं लिहिलं ते तिनं मला वाचून दाखवलं. “त्या दिवशी मी आलोच नाही. टँकर आला नव्हता, दुपारभर हंडे घेऊन स्टेशनपलीकडे फिरत होतो. का गं? काय झालं?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. तिनं टाइप केलं, “काही नाही. जेवलास का?”

मी पुढे खूप दिवस ती काच बघितली. कुणी नसताना बघितली, डोळे मिटून उघडून बघितली. मुंग्याच. एकदाही रेघ ओढली गेली नाही.

सुजाताचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, “तुला माझा चेहरा बघून कळलं होतं. तुझ्या रीतीनं तुझं तोंड धरलं होतं, म्हणून तुझ्याच मनानं ते काचेवर लिहिलं.” असेलही. ती शिकलेली आहे, पुढे ठाण्यात नोकरीला लागली, आता तिच्या लेकी कॉलेजात आहेत. पण माझं मन असतं तर त्यानं मला सांगितलं असतं, गप्प राहा. माझं मन मला आयुष्यभर तेच सांगत आलंय. त्या दुपारी मला जे सांगितलं गेलं, ते माझ्यातलं नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून लिहिते.

दोन-तीन वर्षांनी काकांनी कॅफे बंद केला. शेवटच्या दिवशी किनारा आलेला नव्हता, त्यामुळे त्याला सांगता आलं नाही. त्याचं खरं नाव आम्ही कधी विचारलं नाही, त्यानंही आमचं विचारलं नाही. त्याला आता संसार असेल, घरात नळाला पाणी येत असेल अशी आशा आहे. ज्या दुपारी तो हंडे घेऊन उन्हात फिरत होता, त्या दुपारी इकडे त्याच्या जागी कुणी लिहिलं, हे त्यालाही ठाऊक नाही. मला तर नाहीच नाही. गाडीतून जाताना दिवा स्टेशन आलं की मी पदर सावरून खिडकीकडे सरकते, आणि फलाटावरच्या त्याच्या वयाच्या प्रत्येक माणसाला मनातल्या मनात नमस्कार करते. त्यातला एखादा तो असेल.