शांत जागा

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास उघडले होते आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला मागेल तो पगार मिळत होता. सुकन्याला मात्र नांदेडच्या विद्यापीठात राहून भूकंपावरच संशोधन करायचं होतं. जर्मनीतल्या एका संस्थेला इथले नवे संशोधक जोडीला हवे होते. अट एकच: जमिनीची बारीकशी हालचाल टिपणारं त्यांचं यंत्र बसवायला गोंगाट नसलेली जागा दाखवा, नोंदी चांगल्या निघाल्या की दोन वर्षं आमच्याकडे या.

अशी जागा शोधता शोधता तिच्या नाकी नऊ आले. लोह्याला ट्रकची घरघर, जळकोटच्या माळावर बोअरच्या मोटारी. शेवटी उरलं ते तिचंच जुनं गाव, औशाकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते झोपेतच आडवं झालं. तिची आई आणि धाकटा भाऊ तिथंच गेले. वाचलेले लोक नव्या गावठाणात राहायला गेले. जुन्यात आता नुसत्या बाभळी. आठ वर्षांची असताना सुटलेल्या त्या गावात तिने पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. आता गेली, आणि आपल्याच घरामागच्या खडकावर यंत्र बसवून आली. काळजावर दगड ठेवला म्हणावं तर तसंही नाही. आत काही हललंच नाही.

नोंदी पाहून जर्मनीचे सर हरखले. इतकी शांत जागा हल्ली मिळत नाही, म्हणाले. माणसं मेली की जागा शांत होणारच, हे त्यांना कोण सांगणार! सुकन्याने फक्त आभार मानले.

पंचाईत होती ती वडिलांची, बसलिंगप्पांची. दरवर्षी भूकंपाच्या दिवशी पहाटे ते जुन्या घरी दिवा लावायला जात. यंदा जाऊ नका, असं तिने सांगून पाहिलं.

"अनवाणी जातो की माय," ते म्हणाले. "हळूच जाऊन येतो."

यंत्राने त्यांना टिपलंच. नोंदीत दबकी पावलं आली, थांबली, बऱ्याच वेळाने परत गेली. सरांनी लगेच विचारलं, हे कोण? माणसांची ये-जा असेल तर ही जागा बाद. सुकन्याने कळवलं, भटकं जनावर होतं, आणि तेवढा तुकडा काढून टाकला. रडू येईल म्हणून ती थोडी थांबली. आलं नाही. तिचं जर्मनीला जायचं पक्कं झालं.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

"मशीनला मी ऐकू आलो का गं?"

"न्हाई, आप्पा."

"बरं झालं," ते म्हणाले. "तुझ्या मायशीबी यंदा काई बोललो न्हाई."