गव्हर्नरचे बूट

आमच्या सांगलीतला हा मेस्त्री स्कूटर दुरुस्त करता करता एकदम पान्हा उगारतो आणि गरजतो, "मी पोर्तुगालचा उमराव! गोव्याचा गव्हर्नर!" गिऱ्हाईक दचकतं, आणि हा खूश होतो. त्याच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात बाकी सगळ्यांना मराठा सरदार व्हायचं असतं, पण हा दरवर्षी गव्हर्नरच मागून घेतो. "आवं, लय जिगरीचा गडी! फोंड्याला मार खाल्ला, तरी गोवा सोडला न्हाई," तो मला सांगतो.

यंदा मी जत्रेला गेलोच. काय ती गर्दी, काय त्या शिट्ट्या! मराठ्यांनी गव्हर्नरला फोंड्याहून पिटाळलं, तेव्हा अख्खं मैदान उभं राहून ओरडत होतं. मीही घसा बसेपर्यंत ओरडलो.

मग शेवटचा प्रवेश आला. गोवा हातचा जाणार म्हणून हरलेला गव्हर्नर चर्चमध्ये जाऊन तिथल्या संताच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवतो आणि त्या संताला म्हणतो, आता गोवा तूच सांभाळ.

मेस्त्री पेटीपाशी आला, थबकला, खाली बसला आणि त्यानं दोन्ही बूट काढले.

पडद्याआडून तालीम मास्तर खेकसले, "आरं, सायेब लोक बूट काढत न्हाईत!"

"मग देवाम्होरं बूट घालून जाऊ व्हय?" मेस्त्री तिथूनच म्हणाला. अनवाणी पुढं जाऊन त्यानं राजदंड ठेवला आणि मान खाली घातली.

कुणी हसलं नाही. शिट्ट्या थांबल्या. शेजारच्या आजींनी हात जोडले. मी खाली पाहिलं, तर मीही नकळत चपला काढून ठेवल्या होत्या.