कातण्याचा तुटका दात

करंजीची कड कापायचं आमचं पितळी कातणं म्हणजे दांडीला लावलेलं छोटंसं दातेरी चाक. त्याचा एक दात कधीचाच तुटलेला. त्यामुळे नक्षी सुरेख उमटत जाई आणि मध्येच नखाएवढी जागा सपाट राही. यंदा मी हौसेने स्टीलचं नवं कातणं आणलं. भाऊबीजेला ताटभर करंज्या तळल्या. सगळ्यांची कड कशी एकसारखी! मी खूश.

धाकट्या भावाने एक उचलली, फिरवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, विकतच्या आणल्यास होय?"

असा राग आला म्हणता! सकाळपासून ओट्याशी उभं राहून माझे पाय भरून आलेले, आणि हा म्हणतो विकतच्या. पण करंजीकडे पाहिलं, तर खरंच ती कुणाच्याही घरची वाटत होती. माणसं चालीवरून ओळखू येतात, तशी घरंही अशा बारीकशा खोडीवरूनच ओळखू येत असावीत.

अजून कातायच्या उरलेल्या कच्च्या करंज्यांवर मी जुनंच कातणं फिरवलं आणि त्या तळल्या. गरम करंजी हातात येताच भावाने कडेवरून बोट फिरवत तो सपाट तुकडा शोधला आणि लहानपणी घ्यायचा तसा पहिला घास तिथूनच घेतला.