पिकत घातलेली स्त्रीबीजं

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघत डॉक्टर म्हणाल्या, "पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम." म्हणजे पीसीओएस. बीजकोशात स्त्रीबीजं पुष्कळ असतात, पण पुरतं पिकून बाहेर सहसा एकही पडत नाही. पाळीचा नेम नाही, हनुवटीवर केस, लग्नाला वर्षं लोटूनही मूल नाही, या सगळ्याला एकच नाव निघालं. मला आधी बरंच वाटलं. तोवर सगळा दोष माझ्या खाण्यावर जात होता.

गोळ्या झाल्या, वजन उतरवून झालं. मग आयव्हीएफ ठरलं, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडणं. त्यासाठी बीजं पिकवायला रोज पोटात इंजेक्शन. पीसीओएस असलेल्यांनी इथं नीट ऐकावं. बीजं काढल्यावर माझं पोट फुगायला लागलं. तसं झालं तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मी आणि सासूबाईंनी, त्यांना मी आत्या म्हणते, गॅस समजून ओव्यावर भागवलं.

तेवढ्यात शेजारच्या शोभाकाकू डबा घेऊन आल्या. धपाटे आणि चिंचेचा ठेचा.

"पोट दिसायलंय की गं! सांगायचं नाय व्हय?"

गर्भ तर अजून सोडलाही नव्हता, पण आत्यांनी डबा घेतला आणि मीही खरं सांगितलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या पोटाकडं कुणी पहिल्यांदाच आनंदानं बघत होतं. ते मोडायचा जीव होईना. धपाटे मी चवीनं खाल्ले.

दुसऱ्या दिवशी श्वास पुरेना. ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन, म्हणजे इंजेक्शनांनी बीजकोश फार चेततात आणि पोटात पाणी साठतं. ॲडमिट केलं, सुईनं पाणी काढलं. आपण आता जात नाही ना, एवढाच विचार डोक्यात होता. लॅबमध्ये तयार झालेले गर्भही वाढले नाहीत. घरी आले तेव्हा पोट सपाट होतं. गल्लीनं काय तो अर्थ लावला आणि शोभाकाकू माझी नजर चुकवायला लागल्या. म्हणून सांगते, पोट फुगलं, लघवी कमी झाली, धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ओवा नंतर खा.

ती इंजेक्शनं परत नकोत, असं मी नवऱ्याला, महेंद्रला, स्पष्ट सांगितलं. मूल मात्र हवंच होतं. तेव्हा डॉक्टरांनी इन-व्हिट्रो मॅच्युरेशन सुचवलं.

"बीजं कच्चीच काढायची आणि लॅबमध्ये पिकवायची. इंजेक्शनं अगदी थोडी किंवा नाहीतच. यशाची शक्यता जरा कमी, पण पोटात पाणी भरायची भीती जवळजवळ नाही."

सोबत आलेल्या आत्यांचं माहेर खुलताबादकडचं. डोळे उघडलेली सीताफळं कडक असतानाच तोडायची आणि गवतात आढी लावून पिकवायची, यात त्यांचं बालपण गेलं. त्या लगेच म्हणाल्या, "ही तर आढीच की! मग सारखं उघडून बघू नका म्हणावं."

डॉक्टर हसून म्हणाल्या, "नाही बघत."

भूल देऊन बीजं काढली आणि संध्याकाळी मी घरी आले. महेंद्र मात्र फोन हातात धरून घरभर फिरत होता. "लॅबला लावू का?"

"गप बस," आत्या म्हणाल्या. "आढी उघडायची नसती."

निम्मीच पिकली. त्यातून दोन गर्भ तयार झाले आणि गोठवून ठेवले. पहिला सोडला, तो रुजला नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी पोटभर रडले आणि दुसऱ्या दिवशी शेंद्र्याला कंपनीत कामावर गेले. दुसरा रुजला. त्या लॅबमधल्या माणसांचे चेहरेही मी पाहिलेले नाहीत. माझं मूल पहिल्यांदा त्यांनी सांभाळलं, हे मी विसरणार नाही.

यंदा पोट दिसायला लागलं तरी गल्लीत कुणी विचारलं नाही. आत्यासुद्धा हात लावता लावता थांबायच्या. एका संध्याकाळी शोभाकाकू रिकाम्या हातानं दारात आल्या.

"धपाटे करू का पोरी? का अजून थांबू?"

मी त्यांना आत बसवलं आणि मागच्या वेळी पोटात पाणी होतं, मूल नव्हतंच, हे सगळं सांगितलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "येडी का काय तू! मला वाटलं, माझीच नजर लागली."

इतके महिने ती बाई हे उरावर घेऊन फिरत होती. मी त्यांचा हात धरून पोटावर ठेवला. आत लाथ बसली.

"करा काकू," मी म्हटलं. "आणि ठेचा जास्त आणा. ह्या बारीला खाणारी दोघं आहेत."