पूर्वेच्या घाटाला नाव लावू नये

आमचं बेट कृष्णेच्या पोटात. वरच्या अंगाला नदी फुटते, दोन्हीकडून दोन धारा जातात आणि खाली पुन्हा एक होतात. मधे आमची तीसएक घरं, वांग्यांची रानं आणि देवळाचं टेकाड. पश्चिमेची धार बारमाही खोल. पूर्वेची उन्हाळ्यात घोट्याएवढी, पावसाळ्यात मात्र नावेशिवाय पलीकडं जाता येत नाही.

त्या वेळी पूर्वेचा काठ संस्थानाचा, पश्चिमेचा इंग्रजाचा. दोन्हीकडचे अंमलदार बेट आपलं म्हणत. पूर आला की कुणीच म्हणत नसे. म्हणून कारभार आम्हीच करायचो. पाच पंच. पुरात कुणाची गुरं आधी टेकाडावर न्यायची, नवं घर कुठं बांधायचं, नावेवर पाळी कुणाची, सगळं पंच ठरवत. पाचांत सही मला एकट्याला यायची. दोन यत्ता शिकलो होतो, बाकीचे अंगठेवाले. त्याचा मला ताठा होता, कशाला लपवू.

नाव बोलवायची रीत अशी, की पलीकडच्या काठावरल्या बाभळीवर कापड टाकायचं. बाप्यानं पटका, बाईनं लुगडं. ते दिसलं की पाळीवाला नाव सोडणार.

लेक मी पूर्वेच्या काठाला दिली. लग्नाच्या पंगतीत व्याही चार माणसांत म्हणाला, "बेटावरची माणसं ही. यांना ना हे सरकार, ना ते. बेडकाला कोण विचारतंय?" पंगत हसली. मी जेवून उठलो, पण तो घास अजून इथं घशात आहे.

पुढं इंग्रज गेला, मागोमाग संस्थानही गेलं. मामलेदाराचा कागद आला : बेट कुठल्या काठाच्या तालुक्यात घालायचं ते ठराव करून कळवा. दोघं पूर्व म्हणाले, दोघं पश्चिम. पाचवा मी. मी पश्चिम म्हटलं. कचेरी जवळ, बाजार जवळ, अशी कारणं दिली. तीही खोटी नव्हती. पण लिहिताना खाली एक ओळ मी माझ्या मनानं घातली : नाव एकच असल्यानं ती पश्चिमेलाच चालावी, पूर्वेच्या घाटाला लावू नये. वाचून दाखवलं, चौघांनी अंगठे उठवले. उन्हाळा होता. पूर्वेची धार लोक चालतच ओलांडत होते, कुणाला काही वाटलं नाही.

पावसाळ्यात लेकीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि बापानं जाऊन आणायचं असतं. मी म्हटलं, व्याह्यानं निरोप धाडू दे, मग जाईन. कारभारीण रोज सांगायची, मी रोज ऐकून घ्यायचो.

भादव्यात एका दुपारी बाभळीवर हिरवं लुगडं दिसलं. कारभारीण धावत पूर्वेच्या घाटावर आली. "आवं, आपली पोरगी हाय ती. डोहाळजेवणाचं लुगडं हाय, मीच धाडलंय."

पाळीच्या गड्यानं लुगडं बघून सवयीनं नाव पश्चिमेकडून वळवून आणलेली, वल्हं घेऊन उभा. "दादा, सोडू का?"

"ठराव हाय."

"ठराव तुमीच लिवलासा न्हवं?" कारभारीण म्हणाली.

"म्हणून तर. मीच मोडला तर उद्या कोण पाळंल? पंच बोलवा, मग बघू."

एक म्हातारा पंच तिथंच तंबाखू मळत बसला होता. "आरं गड्या, पोटुशी लेक काठावर, आन् तू पंच बोलावतोस? मी पंचच हाय. मी म्हणतो सोड."

"एकट्याचं चालत न्हाई. पाच पायजेत."

"मग तू एकटाच पाच व्हय रं?"

घाटावरचे लोक हसले. ते हसले नसते तर मी नाव सोडली असती, असं मला वाटतं. पंगतीतलं हसू पुन्हा कानात वाजलं. नावेचा दोर हातात घेऊन मी खुंट्याजवळ बसलो.

पलीकडं ती उभी होती. मग बसली. ऊन कललं तशी उठली. लुगडं काट्यांतून सोडवलं, झटकलं, नीट घडी घालून काखेत धरलं आणि बांधानं परत गेली. एकदाही हाक मारली नाही.

आठ दिवसांनी निरोप आला, सांगलीच्या पुलावरून, दिवसभराच्या वाटेनं. लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. ती वाचली, पोरगं राहिलं नाही. चालण्यानं झालं की तसंच व्हायचं होतं, ते सुईण बोलली नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. कारभारीण त्याच वाटेनं गेली, सव्वा महिन्यानं आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चूल पेटवली.

मी पंच बसवले, ती ओळ माझ्या हातानं खोडली, शेजारी सही केली. मग स्वतः नाव घेऊन पूर्वेला गेलो. व्याह्यानं घोंगडं अंथरलं. लेकीनं पाणी दिलं, पाया पडली.

"नाव सुरू केली, बाळ."

"व्हय आबा, कळलं."

"मग कवा येतीस?"

"पाणी उतरू द्या की."

पाणी दर सालाला उतरतं. आईच्या मातीला आली तीही लांबच्या वाटेनं, पश्चिमेच्या घाटाला उतरली आणि तिथूनच गेली.

आता माझ्या हातात वल्हं टिकत नाही. तरी दर साली पावसाळ्याआधी पूर्वेच्या काठावर जातो आणि बाभळीच्या खालच्या फांदीचे काटे कोयत्यानं साळून टाकतो. लुगडं फाटू नये.