तुरुंगातल्या कवितेचं राहिलेलं कडवं

घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि हे मी ताठ मानेनंच सांगतो. म्हणूनच मुक्तिदिनाला नेकनूरच्या भजनी मंडळाकडून निजामाच्या तुरुंगातली कविता एकाच वेळी वरच्या-खालच्या वेगवेगळ्या आवाजांत गाऊन घ्यायचं मी अंगावर घेतलं. कविता गावच्याच एका कैद्याची, जुन्या स्मरणिकेत छापलेली. शेवटचं कडवं मुलीवर, तो आत असताना जन्मलेल्या. ती मुलगी आता सगळ्या गावाची म्हातारी मावशी. तिला वाचता येत नाही. मी म्हणालो, वाचून दाखवतो.

"नगं. गाण्यातच ऐकीन."

मंडळाची सवय एकच. एकानं ओळ सोडायची, बाकीच्यांनी तशीच उचलायची. पेटीवाला म्हणायचा, "सर, आमी वर, हे खाली. ह्याला गाणं म्हणायचं का भावकीतलं भांडण?" सगळे हसायचे, मी चिडायचो, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जमलं.

मुक्तिदिनाला मावशी पुढच्याच खुर्चीवर बसली होती. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी आलो आणि पुढाऱ्याची गाडी फाटकात शिरली. पाहुणा दिसला की स्वागतगीत, आमच्याकडं ते कुणी सांगावं लागत नाही. पेटीवाल्यानं पेटी तशीच तिकडं वळवली. सगळे आवाज क्षणात एका सुरात. मी हात हलवतोय, कोण बघतंय? मग हार, शाल, नारळ, भाषण. भाषणात तुरुंग आला, कविता आली नाही.

पाहुणे गेले तसं मंडळही उठलं. मांडववाले खुर्च्या उचलत होते. मावशी बसूनच होती.

"झालं का रे समदं?"

"न्हाई मावशी. तुमचंच राहिलं."

तिच्याजवळ बसून मी एकट्यानंच ते म्हटलं. माझा आवाज खालचा, वरच्या ओळी मला पेलेनात. तिनं मान खाली घालून ऐकलं.

"माझंच हाय," ती म्हणाली. "पर मगाशी कसं, लई जण तुरुंगातून म्हणत्यात असं वाटत व्हतं. तसं म्हणा की."

मी बाहेर गेलो. पेटीवाला टेम्पोत पेटी ठेवून चहा पीत होता. सांगितलं, तर म्हणतो कसा, "आता काहून? पुढच्या सालाला म्हणू की सर."

"तिला पुढचं साल देणारा तू कोण बे?" म्हणालो, आणि पेटी टेम्पोतून खाली उतरवली.