नाताळच्या सिनेमाचा खेळ आणि व्हर्न गुंडरसन

व्हर्न गुंडरसनने एकतीस वर्षं आमच्या काउंटीत रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला आणि कामावर असताना एकदाही दारूच्या थेंबाला हात लावला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नुसता पिदाडा ठरवाल आणि ते मला खपायचं नाही. शेजारीण मी आहे. पिदाडा म्हणायचं तर मी म्हणेन.

घरी आला की मात्र विचारू नका. त्याची बायको आयोन कॅन्सरने गेली तेव्हा मार्नी सात वर्षांची होती. पुढच्या हिवाळ्यात याने टीव्ही तळघरात नेला, गल्लीतल्या आम्हा आठ जणांना बोलावलं आणि नाताळच्या आधीच्या रविवारी दुपारी हा खेळ सुरू केला. छत्तीस वर्षं झाली त्याला.

सिनेमा जुना, काळा-पांढरा. नाताळच्या आदल्या दिवशी एक स्टेशनमास्तर बर्फात अडकतो आणि घरी जायची धडपड करतो, एवढीच गोष्ट. नियम व्हर्नचे. घंटा वाजली की एक घोट. कुणी 'बर्फ' म्हटलं की एक घोट. मास्तर फोनवर बायकोला थाप मारेल तेव्हा अख्खा ग्लास. आणि हा मास्तर म्हणजे एक नंबरचा थापाड्या! शिवाय आपला ग्लास आपण भरायचा नाही, उजवीकडच्याने भरायचा. हा नियम सगळ्यात कडक.

अकरा वर्षांपूर्वी मार्नी तान्ह्या बाळाला घेऊन आली होती. खेळ रंगात आला आणि व्हर्न बाळाला मांडीवर घेऊनच झोपला. बाळ घसरत घसरत सोफ्याच्या फटीत गेलं. काही झालं नाही त्याला, देवाची कृपा. पण मार्नीने तिथल्या तिथे बॅग भरली आणि ती गेली ती गेलीच.

या फेब्रुवारीत व्हर्नने दारू सोडली. कुणी सांगितलं म्हणून नाही. एक दिवस म्हणाला, "आर्डिस, मला नातवाचा चेहरा माहीत नाही गं." त्याने मार्नीला फोन केला. ती म्हणाली, "घरात एकटं बसून कुणीही सोडेल, डॅड. खेळाच्या दिवशी मी येते. त्या दिवशी नाही प्यायलात, तर ईस्टरला पोराला घेऊन येईन. प्यायलात, तर मला पुन्हा फोन करायचा नाही."

मी व्हर्नला म्हटलं, "या वर्षी खेळ राहू दे की! कशाला विस्तवाशी खेळ?"

"तिने खेळाच्या दिवशी म्हटलंय," तो म्हणाला. "खेळ होणार."

झालं. रविवारी दोन वाजता आम्ही सगळे हजर. चीज, सॉसेज, ब्रँडी सगळं मांडलेलं. व्हर्नच्या ग्लासात आल्याचा सोडा. मार्नी जिन्याच्या पायरीवर बसली, खाली आलीच नाही. आमच्यापैकी कुणाला मोकळेपणाने हसता येईना.

आता व्हर्नच्या उजवीकडे कोण, तर डेल प्रिबिल. प्लंबर. माणूस सोन्यासारखा, पण डोकं घरी ठेवून येणारा. मास्तरने पहिली थाप मारली, सगळ्यांनी ग्लास रिकामे केले, आणि डेलने टीव्हीवरची नजर न काढता, छत्तीस वर्षांच्या सवयीने, शेजारचा ग्लास ब्रँडीने भरला. रंग तोच. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मास्तरने पुन्हा फोन उचलला. व्हर्नने ग्लास ओठांपाशी नेला आणि तो थांबला. वास मला माझ्या खुर्चीपर्यंत आला. त्याने ग्लास खाली ठेवला नाही हो, तसाच धरून बसला. पायरीवर मार्नी उभी राहिली.

"डेल," व्हर्न शेवटी म्हणाला, "हा माझा नव्हे." आणि त्याने ग्लास डेलच्या पुढ्यात सरकवला.

"मेल्या!" मी डेलवर ओरडले. "डोळे फुटले का तुझे?"

"अगं, सवय गं..." डेल रडवेला झाला. "व्हर्न, आईशप्पथ, मुद्दाम नाही रे!"

त्यानंतर कुणालाच घोट घ्यावासा वाटेना. घंटा वाजत होत्या, आम्ही नुसते बघत होतो. मास्तर बर्फात गुडघाभर रुतला. व्हर्न पुढे सरकून बसला.

"पोचतो का गं हा घरी?" त्याने मला विचारलं.

मी डेलकडे पाहिलं. डेलने माझ्याकडे. आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं! तिथवर आमच्यातलं कुणी कधी जागं राहिलं असेल तर ना.

"पोचतो," मार्नी खाली येत म्हणाली. "दर वर्षी पोचतो."

"तुला काय माहीत?" व्हर्नने विचारलं.

"मी शेवटपर्यंत बघायचे ना. मग तुम्हाला सगळ्यांना कुशीवर वळवायचे. उताणं झोपलेल्याला उलटी झाली तर तो गुदमरतो, शाळेत नर्सबाईंनी शिकवलं होतं."

त्या सगळ्यांत मीही होते. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

"तेव्हा नऊ वर्षांची होतीस तू," व्हर्न म्हणाला.

"आठ," मार्नी म्हणाली. "आर्डिसमावशी हलकी होती. तुम्ही हलायचाच नाहीत, डॅड. तुमच्यासाठी मी भिंतीला पाय टेकून जोर लावायचे."

व्हर्न आमच्या सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला. मार्नीने त्याला गप्प केलं नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि दोघांनी मास्तरला त्याच्या घराचं दार ठोठावताना पाहिलं.